‘ॲट ऑल’ वापरायचं कसं: मराठीतून विचार करून इंग्रजी लिहिणाऱ्यांसाठी

‘ॲट ऑल’ म्हणजे ‘मुळीच’. शाळेत हे एका ओळीत सांगतात आणि पुढच्या धड्याकडे वळतात. मग नोकरीत पहिल्यांदा इंग्रजी मेल लिहायची वेळ येते आणि ‘आय ॲट ऑल डोन्ट हॅव एनी ऑब्जेक्शन’ असं वाक्य पडद्यावर उमटतं. वाचणाऱ्याला अर्थ कळतो, पण वाक्य खटकतं.

आमच्याकडे नव्याने रुजू झालेल्या मुलामुलींचे मेल बाहेर जाण्याआधी माझ्या नजरेखालून जातात. त्यातले बरेच जण माझ्यासारखेच मराठी माध्यमातले. नकाराला जोर देणाऱ्या या क्रियाविशेषणात त्यांची गाडी अडते ती ठरावीक जागीच, आणि बहुतेक वेळा कारण मराठी वाक्यरचनेत सापडतं. म्हणून हा लेख मराठीकडून इंग्रजीकडे जाणारा आहे. पायऱ्या क्रमाने वाचा. पहिल्या तीन नीट कळल्या तर पुढचं सोपं जाईल.

हाताशी काय हवं

- शिकणाऱ्यांसाठीचा इंग्रजी-इंग्रजी शब्दकोश. ऑक्सफर्ड ॲडव्हान्स्ड लर्नर्स किंवा केंब्रिज, दोन्ही इंटरनेटवर फुकट पाहता येतात. इंग्रजी-मराठी कोश या कामाला अपुरा पडतो. तो ‘मुळीच’ एवढंच सांगेल, आणि खरी अडचण तिथूनच सुरू होते.
- एखादा कॉर्पस, म्हणजे खऱ्या लिखाणाचा आणि बोलण्याचा शोधता येणारा साठा. अमेरिकन इंग्रजीचा ‘कोका’ १९९० ते २०१९ या काळातला असून त्यात १०० कोटींवर शब्द आहेत. ब्रिटिश नॅशनल कॉर्पस जुना आहे, १० कोटी शब्दांचा. नाव नोंदवलं की दोन्ही मर्यादित प्रमाणात फुकट वापरता येतात.
- ‘यूग्लिश’ हे संकेतस्थळ. शब्द टाकला की तो ज्या ज्या व्हिडिओत बोलला गेला, नेमका तेवढा तुकडा ऐकवतं.
- तुमच्या मेलचं ‘सेंट’ फोल्डर. त्यात ‘ॲट ऑल’ शोधा आणि सापडलेली सगळी वाक्यं वहीत उतरवा. दुरुस्त करू नका, नुसती उतरवा. शेवटी लागतील.

१. आधी वाक्यातला नकार शोधा

‘ॲट ऑल’मध्ये स्वतःचा नकार नसतो. तो वाक्यात दुसरीकडून यावा लागतो, आणि ‘ॲट ऑल’ त्या नकाराला तळापर्यंत घेऊन जातं. ‘आय डोन्ट लाइक इट’ म्हणजे मला ते आवडत नाही. ‘आय डोन्ट लाइक इट ॲट ऑल’ म्हणजे तसूभरही आवडत नाही. ‘आय लाइक इट ॲट ऑल’ असं वाक्य होत नाही, कारण तळापर्यंत न्यायला तिथे नकारच नाही.

मराठीतही ‘मुळीच’ला आणि ‘अजिबात’ला ‘नाही’ लागतंच. ‘मला अजिबात आवडतं’ असं कुणी म्हणत नाही. इथपर्यंत दोन्ही भाषा बरोबर चालतात. फरक पडतो तो एकशब्दी उत्तरात. ‘राग आलाय का?’ याला आपण नुसतं ‘मुळीच नाही’च्या जागी ‘छे, अजिबात!’ म्हणूनही मोकळे होतो, ‘नाही’ मनात राहतं आणि समोरच्याला कळतं. इंग्रजीत ‘ॲट ऑल!’ एवढंच उत्तर चालत नाही. ‘नॉट ॲट ऑल’ असं पूर्ण म्हणावं लागतं. चॅटवर घाईत टाइप करताना हा ‘नॉट’ सर्रास गळतो.

‘बिलकूल’ची गंमत इथेच सांगून टाकतो. मराठीत ‘बिलकूल’ बहुतेक वेळा नकारासोबतच येतो, पण हिंदीत नुसतं ‘बिलकुल’ म्हणजे ‘हो, नक्कीच’. हा शब्द मुळात अरबी, ‘कुल’ म्हणजे सगळं. ‘ॲट ऑल’मधल्या ‘ऑल’चा अर्थही तोच, आणि फ्रेंच माणूस ‘पा द्यू तू’ म्हणतो त्यातला ‘तू’ही ‘सगळं’च. जुन्या इंग्रजीत ‘ॲट ऑल’चा अर्थ ‘सर्वस्वी’ असा होता आणि ते होकारार्थी वाक्यातही चालायचं. प्रमाण इंग्रजीतून तो वापर गेला. त्यामुळे दिल्लीच्या सहकाऱ्याचं ‘बिलकुल’ कानात ठेवून ‘येस, ॲट ऑल’ लिहू नका.

नकार म्हणून काय काय चालतं? ‘नॉट’, ‘नो’, ‘नेव्हर’, ‘नोबडी’, ‘नथिंग’, ‘नन’ हे उघड आहेत. ‘विदाउट’ही चालतं: ‘विदाउट एनी हेल्प ॲट ऑल’. आणि ज्या क्रियापदांच्या पोटात नकार किंवा शंका दडलेली असते, तीही चालतात: ‘आय डाउट ही विल कम ॲट ऑल’, ‘शी डिनाइड नोइंग हिम ॲट ऑल’.

*सापळा: नकार दोनदा मोजणं.* ‘मला काहीच माहीत नाही’ या वाक्यात नकार एकच आहे, ‘नाही’. ‘काहीच’ला स्वतःचा नकार नाही. पण भाषांतर करताना ‘काहीच’चं ‘नथिंग’ होतं, ‘नाही’चं ‘डोन्ट’ होतं आणि हाती येतं ‘आय डोन्ट नो नथिंग ॲट ऑल’. एकदा ‘डोन्ट’ आलं की पुढे ‘एनीथिंग’: ‘आय डोन्ट नो एनीथिंग ॲट ऑल’. किंवा ‘आय नो नथिंग ॲट ऑल’. कुणी, कधी, कुठे यांचंही तेच. ‘कुणीच आलं नाही’ म्हणजे ‘नोबडी केम’, ‘नोबडी डिडन्ट कम’ नव्हे. दुसऱ्याचा अर्थ ‘न आलेलं कुणीच नव्हतं’, म्हणजे झाडून सगळे आले.

कुणी म्हणेल, इंग्रजी गाण्यांत तर असे दुहेरी नकार ऐकू येतात. येतात खरे. चौदाव्या शतकातल्या चॉसरच्या इंग्रजीतही ते सहज आढळतात आणि आजही अनेक बोलींत जिवंत आहेत. पण परीक्षेत आणि कचेरीच्या पत्रात ते चूकच धरतात.

२. जागा ठरवा

मराठीत ‘अजिबात’ क्रियापदाच्या आधी बसतं: मला अजिबात कळत नाही. त्याच जागी ‘ॲट ऑल’ ठेवलं की ‘आय ॲट ऑल डोन्ट अंडरस्टँड’ होतं. इंग्रजीत जागा तीन.

वाक्याच्या शेवटी: ‘आय डोन्ट अंडरस्टँड इट ॲट ऑल.’ शंका असेल तेव्हा हीच जागा घ्या. बोलताना तर बहुतेक वेळा हीच.

‘नॉट’ला चिकटून, विशेषणाच्या आधी: ‘आय ॲम नॉट ॲट ऑल शुअर.’ हेच ‘आय ॲम नॉट शुअर ॲट ऑल’ असंही चालतं. पहिलं किंचित जास्त लेखी वाटतं, इतकाच फरक.

‘नो’, ‘एनी’ लागलेल्या नामाच्या मागे: ‘देअर इज नो नेटवर्क ॲट ऑल इन द बेसमेंट.’

तिसरी जागा लांबलचक वाक्यात फार उपयोगी पडते. ‘वुई हॅव नो ऑब्जेक्शन टु द चेंज इन द डिलिव्हरी डेट फॉर द सेकंड लॉट ॲट ऑल’ हे वाक्य पाहा. ‘ॲट ऑल’ येईपर्यंत वाचणारा ‘नो’ विसरून गेलेला असतो, आणि शेवटचं ‘ॲट ऑल’ कशाला लागू हे त्याला मागे जाऊन बघावं लागतं. ते ‘ऑब्जेक्शन’च्या मागे आणा: ‘वुई हॅव नो ऑब्जेक्शन ॲट ऑल टु द चेंज...’ झालं.

आपल्याकडे ‘आय ॲम नॉट ॲट ऑल गेटिंग रेंज’ असं सर्रास बोलतात. देशात सगळ्यांना कळतं, कुणाला खटकत नाही, आणि ट्रेनमधून घरी फोन करताना ते सुधारायचीही गरज नाही. बाहेरदेशी जाणाऱ्या मेलमध्ये मात्र क्रियापदाच्या आधी ‘नॉट ॲट ऑल’ घालू नका. शेवटी न्या.

*सापळा: ‘नॉट ऑल’ आणि ‘नॉट ॲट ऑल’.* एका ‘ॲट’ने अर्थ कुठच्या कुठे जातो. ‘नॉट ऑल द इन्व्हॉइसेस आर पेड’ म्हणजे काही बिलं भरली, काही राहिली. ‘द इन्व्हॉइसेस आर नॉट पेड ॲट ऑल’ म्हणजे एकाचाही पैसा गेलेला नाही. आणि ‘ऑल द इन्व्हॉइसेस आर नॉट पेड’ हे तर कधीच लिहू नका. मराठीतल्या ‘सगळी बिलं भरलेली नाहीत’सारखं ते दोन्हीकडे झुकतं: काही राहिलीत की सगळीच राहिलीत? मराठीत बोलताना आवाजाच्या चढउतारावरून उमगतं, मेलला आवाज नसतो. पैशाच्या बाबतीत अशा वाक्यावरून फोनाफोनी झालेली मी बघितली आहे. काही राहिली असतील तर ‘सम ऑफ द इन्व्हॉइसेस आर अनपेड’, एकही भरलं नसेल तर ‘नन ऑफ द इन्व्हॉइसेस हॅज बीन पेड’. इथे जोर नको, स्पष्टपणा हवा.

३. प्रश्नात आणि ‘इफ’मध्ये ‘मुळीच’ विसरा

या पायरीवर सगळ्यात जास्त वेळ द्या. शाळेतली ती एक ओळ इथे पूर्ण फसते.

‘डू यू स्पीक मराठी ॲट ऑल?’ या प्रश्नात नकार नाही, तरी ‘ॲट ऑल’ आलंय. इथे ‘मुळीच’ लावून पाहा, काही अर्थ लागत नाही. अर्थ आहे: तुम्हाला थोडंफार तरी मराठी येतं का? ‘ॲट ऑल’ कमीत कमी मोजमाप पुढे करतं. नकारात त्याचा अर्थ ‘तेवढंही नाही’, प्रश्नात ‘तेवढं तरी?’, आणि ‘इफ’नंतर ‘तेवढं जरी असलं तर’. आपल्याकडे हे काम ‘ही’, ‘तरी’ आणि ‘च’ ही छोटी अव्ययं करतात. म्हणून वहीत ‘ॲट ऑल = मुळीच’ खोडून हे चार नमुने लिहा:

- नकार: ‘आय डिडन्ट स्लीप ॲट ऑल.’ जराही झोप लागली नाही.
- प्रश्न: ‘डिड यू स्लीप ॲट ऑल?’ थोडी तरी झोप लागली का?
- अट: ‘इफ यू हॅव एनी क्वेश्चन्स ॲट ऑल, कॉल मी.’ बारीकशीही शंका आली तर फोन करा.
- नवल: ‘आय ॲम सरप्राइज्ड ही केम ॲट ऑल.’ तो आला हेच नवल.

शेवटचा नमुना थोडा पाहू. समजा पाहुणा दोन तास उशिरा आला आणि यजमान वैतागलाय. तुम्ही म्हणता, ‘उशिराचं काय घेऊन बसलास, तो आला हेच पुष्कळ.’ हा ‘हेच’ इंग्रजीत नेमका ‘ॲट ऑल’ने येतो. ‘दॅट ही केम ॲट ऑल’: कसा आला, केव्हा आला हे बाजूला ठेवा, येणं घडलं एवढंच बघा.

प्रश्नातल्या ‘ॲट ऑल’चा सूर दोन प्रकारचा असतो आणि तो ओळखता आला पाहिजे. परदेशात हॉटेलात वेटर विचारतो, ‘एनीथिंग एल्स ॲट ऑल?’ त्यात अगत्य आहे: अजून काहीही, छोटंसंही, संकोच नको. पण ‘डिड यू रीड माय मेल ॲट ऑल?’ हा टोमणा आहे: माझा मेल उघडला तरी होतास का? ढोबळ खूण अशी, की समोरच्याला काही देऊ करताना ‘ॲट ऑल’ मऊ पडतं, आणि जे समोरच्याने करायलाच हवं होतं किंवा त्याला यायलाच हवं होतं त्याबद्दल विचारताना टोचतं. त्यामुळे ‘डू यू नो एक्सेल ॲट ऑल?’ असं नव्या सहकाऱ्याला विचारू नका. त्याला ते ‘तुला एक्सेल तरी येतं का रे?’ असंच लागेल.

*सापळा: वाक्याच्या सुरुवातीचं ‘इफ ॲट ऑल’.* ‘इफ ॲट ऑल यू कम टु पुणे, प्लीज मीट मी.’ भारतीय इंग्रजीत हे इतकं रुळलंय, की चूक वाटतही नाही. बोलणाऱ्याच्या मनात ‘कधी पुण्याला येणं झालंच तर’ असं काहीतरी असतं. त्यासाठी प्रमाण इंग्रजीत ‘इफ यू एव्हर कम टु पुणे’ किंवा ‘इफ यू हॅपन टु बी इन पुणे’ म्हणा. ‘इफ यू कम टु पुणे ॲट ऑल’ व्याकरणात बसतं, पण त्यात ‘तू येशील असं काही वाटत नाही’ असा खडा लागतो.

‘इफ ॲट ऑल’ जोडीने येतं ते असं: ‘ही रिप्लाइज लेट, इफ ॲट ऑल.’ उत्तर देतो ते उशिरा, तेही दिलं तर. आधी स्वल्पविराम, मग ‘इफ ॲट ऑल’, आणि वाक्य तिथे संपतं. ‘रेअरली, इफ ॲट ऑल’ ही जोडीही कॉर्पसमध्ये शोधा, भरपूर सापडेल.

४. ‘डू यू माइंड’ला उत्तर देणं

विमानात शेजारचा विचारतो, ‘डू यू माइंड इफ आय क्लोज द विंडो शेड?’ तुमची काही हरकत नाही. तर उत्तर ‘नॉट ॲट ऑल’. ‘येस’ म्हणालात तर ‘हो, हरकत आहे’ असा अर्थ होतो आणि तो बिचारा हात मागे घेतो. ‘माइंड’ म्हणजे ‘हरकत’ एवढं लक्षात ठेवलं की प्रश्न मिटला, कारण ‘हरकत नाही ना?’ला ‘छे छे, अजिबात नाही’ हे उत्तर मराठीत आपोआप येतं. बोलीत इंग्रज लोकही कधी ‘शुअर, गो अहेड’ म्हणतात, तेही चालतं. अडचण नुसत्या ‘येस’ची.

आभाराला ‘नॉट ॲट ऑल’ म्हणणं ब्रिटिश आणि थोडं जुन्या वळणाचं. आपलं ‘आभार कसले त्यात!’ तसंच. अमेरिकेत ‘यू आर वेलकम’ किंवा ‘नो प्रॉब्लेम’ जास्त ऐकू येईल.

५. भावंडांची ओळख

‘व्हॉटसोएव्हर’ नामाच्या मागेच येतं: ‘नो डाउट व्हॉटसोएव्हर’, ‘नो कनेक्शन व्हॉटसोएव्हर’. ‘नथिंग’ आणि ‘नन’च्या मागेही चालतं. क्रियापदाला लावून ‘आय डोन्ट लाइक इट व्हॉटसोएव्हर’ असं लिहायचं टाळा. करारात, नोटिशीत, खुलाशात हा शब्द शोभतो. सुट्टीच्या अर्जात तो वकिली वाटतो.

‘इन द लीस्ट’ भावनांशी जमतं: ‘आय वॉज नॉट इन द लीस्ट सरप्राइज्ड.’

‘बाय नो मीन्स’मध्ये नकार आधीच आहे, म्हणून वर ‘नॉट’ नको: ‘द मॅटर इज बाय नो मीन्स क्लोज्ड.’ ते वाक्याच्या सुरुवातीला आणलं तर क्रियापद कर्त्याच्या आधी येतं: ‘बाय नो मीन्स इज द मॅटर क्लोज्ड.’ भाषणात ठीक, रोजच्या मेलला जड.

‘एनीथिंग बट’ आणि ‘नथिंग बट’ मात्र जपून. दिसायला जुळे, अर्थ उलटे. ‘ही इज एनीथिंग बट लेझी’: आणखी काहीही म्हणा, पण आळशी तर तो मुळीच नाही. ‘ही डझ नथिंग बट कम्प्लेन’: तक्रारीशिवाय दुसरं काही करत नाही. शिफारसपत्रात यांची अदलाबदल झाली तर माणसाची नोकरी जायची.

‘लेट अलोन’ म्हणजे आपलं ‘तर सोडाच’. मराठीत क्रम दोन्ही चालतात: ‘साधा भात जमत नाही, पुरणपोळी तर सोडाच’ आणि ‘पुरणपोळी सोडाच, साधा भातही जमत नाही.’ इंग्रजीत पहिलाच क्रम चालतो. सोपी गोष्ट आधी, अवघड नंतर: ‘आय कान्ट कुक राइस, लेट अलोन मेक पुरणपोळी.’ मराठीतला दुसरा क्रम सवयीने हातून उतरतो आणि ‘लेट अलोन’ वाक्याच्या तोंडाशी जाऊन बसतं. मेल पाठवण्याआधी हे एकदा बघाच.

६. ‘हार्डली’: ज्याच्यात नकार आधीच आहे

‘ही वर्क्स हार्ड’ म्हणजे खूप काम करतो. ‘ही हार्डली वर्क्स’ म्हणजे जेमतेमच करतो. ‘हार्ड’चं क्रियाविशेषण ‘हार्डली’ असेल असं वाटणं साहजिक आहे, पण ‘हार्डली’, ‘बेअरली’ आणि ‘स्केअर्सली’ हे तिघेही ‘जवळजवळ नाहीच’ सांगतात. म्हणून ‘आय कान्ट हार्डली हिअर यू’ नको, ‘आय कॅन हार्डली हिअर यू’ हवं.

स्पर्धा परीक्षांना बसणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. ‘हार्डली’ असलेल्या वाक्याचा टॅग होकारार्थी येतो: ‘ही हार्डली स्पीक्स, डझ ही?’ आणि ‘हार्डली’ सुरुवातीला आलं की क्रियापद आधी, जोडीला ‘व्हेन’: ‘हार्डली हॅड आय रीच्ड द स्टेशन व्हेन द ट्रेन लेफ्ट.’ ‘दॅन’ लागतं ते ‘नो सूनर’ला. चूक शोधायच्या प्रश्नांत ही अदलाबदल हमखास असते.

७. ‘नॉट’च्या कुठल्या बाजूला?

‘आय रिअली डोन्ट लाइक इट’: मला ते खरंच आवडत नाही. ‘आय डोन्ट रिअली लाइक इट’: मला ते तितकंसं आवडत नाही. शब्द तेच, ‘रिअली’ फक्त ‘डोन्ट’च्या अलीकडे किंवा पलीकडे. अलीकडे असेल तर ते नकाराला जोर देतं. पलीकडे गेलं की नकार त्या जोरालाच लागतो आणि वाक्य सौम्य होतं. ‘आय ॲब्सोल्यूटली डोन्ट अग्री’ आणि ‘आय डोन्ट ॲब्सोल्यूटली अग्री’ यांतही हाच फरक. नकार सौम्य करायचा असेल तेव्हा हा क्रम मुद्दाम वापरा. वरिष्ठांना ‘आय डोन्ट रिअली थिंक धिस विल वर्क’ म्हणणं पचतं.

जोराच्या बाबतीत माझं मत स्पष्ट आहे: कामाच्या मेलमध्ये ‘ॲट ऑल’ आपण लावतो त्याच्या अर्ध्या वेळाच लावावं. ब्रिटिश माणसाने ‘आय ॲम नॉट व्हेरी हॅपी विथ धिस’ लिहिलं तर तो चांगलाच नाराज आहे असं समजा. त्या मानाने ‘आय ॲम नॉट ॲट ऑल हॅपी’ म्हणजे जवळपास भांडण. उलट ‘नॉट बॅड ॲट ऑल’ हे कौतुक असतं. आपल्याकडे ‘वाईट नाही’ म्हटलं की लिहिणाऱ्याचं तोंड पडतं, पण लंडनच्या साहेबाने तुमच्या अहवालावर ‘नॉट बॅड ॲट ऑल’ असा शेरा मारला तर त्याला काम आवडलं आहे.

८. कानाला ओळखायला शिकवा

लिहिताना ‘ॲट’ आणि ‘ऑल’ सुटे असले तरी बोलताना त्यांचा ‘ट’ पुढे सरकतो: ‘अ-टॉल’. जोर ‘टॉल’वर. इंग्लंडमध्ये ते हुबेहूब ‘अ टॉल’ म्हणजे ‘एक उंच’सारखं ऐकू येतं. अमेरिकेत तोच ‘ट’ मवाळ होऊन ‘अडॉल’च्या जवळ जातो. ‘नॉट ॲट ऑल’ भरभर म्हटलं की ‘नॉडडॉल’ असं काहीतरी कानावर पडतं आणि नवख्या माणसाला त्यात एकही ओळखीचा शब्द सापडत नाही. यूग्लिशवर ‘नॉट ॲट ऑल’ टाका, आधी ब्रिटिश मग अमेरिकन निवडा, आणि मागोमाग मोठ्याने म्हणा. आयर्लंडला जाणार असाल तर वाक्याच्या शेवटी ‘ॲट ऑल, ॲट ऑल’ असं दुहेरीही ऐकू येईल. ती तिथली लकब आहे, राग नाही.

तुम्ही स्वतः बोलताना ‘ॲट’ आणि ‘ऑल’ तोडून, दोन्हींवर जोर देऊन म्हणालात, तर चिडल्यासारखं वाटतं. चिडायचंच असेल तेव्हा ती युक्ती राखून ठेवा.

९. आता वही काढा

‘सेंट’ फोल्डरमधून उतरवलेल्या प्रत्येक वाक्याला तीन प्रश्न विचारा: नकार (किंवा प्रश्न, अट, शंका) कुठे आहे? ‘ॲट ऑल’ योग्य जागी आहे का? ते काढून टाकलं तर काही बिघडतं का? तिसऱ्या प्रश्नावर बरीच वाक्यं हलकी होतील.

सरावासाठी चार वाक्यं. आधी स्वतः सुधारा, मग खाली बघा.

क) ‘आय ॲट ऑल डिडन्ट गेट युवर मेसेज.’
ख) ‘नोबडी डिडन्ट टेल मी एनीथिंग ॲट ऑल.’
ग) ‘इफ ॲट ऑल देअर इज अ डिले, प्लीज इन्फॉर्म.’
घ) ‘शी कान्ट रन अ मॅरेथॉन, लेट अलोन वॉक टु द गेट.’

उत्तरं. ‘क’मध्ये ‘ॲट ऑल’ शेवटी न्या: ‘आय डिडन्ट गेट युवर मेसेज ॲट ऑल.’ ‘ख’मधला ‘डिडन्ट’ काढा: ‘नोबडी टोल्ड मी एनीथिंग ॲट ऑल.’ ‘ग’ दोन प्रकारे सुटतं. नुसती सूचना द्यायची असेल तर ‘इफ देअर इज अ डिले’ पुरे, आणि ‘पाच मिनिटांचा उशीर झाला तरी कळवा’ असं म्हणायचं असेल तर ‘इफ देअर इज एनी डिले ॲट ऑल’. ‘घ’मध्ये क्रम उलटा आहे. फाटकापर्यंत चालणं सोपं, ते आधी यायला हवं: ‘शी कान्ट वॉक टु द गेट, लेट अलोन रन अ मॅरेथॉन.’